सिंधू नावाचा स्टँड

अमरावतीच्या काळी-पिवळी स्टँडवर एका सकाळी विपुलच्या नावापुढं वाघ उभा राहिला.

खरा नव्हे, मोबाइलमध्ये असतो तसा, पिवळा, इवलासा. स्टँडवर पत्र्याची एक खोली आहे आणि तिच्या दारावर टीव्हीसारखा पडदा टांगलाय. आता कोणाचा नंबर लागलाय, पुढचा कोण, हे त्यावर दिसतं. विपुल हा अमरावती ते अकोला गाडी मारणारा ड्रायव्हर. अंगानं इतका काडी की सीटबेल्ट लावला की माणूस कुठला आणि पट्टा कुठला ते कळू नये. त्याच्या नावापुढं वाघ आणि मागं कंसात ‘उपाशी’. सगळा स्टँड पोट धरून हसला. विपुलनं त्या पडद्याचा फोटो काढून सासुरवाडीला पाठवला, कंस कापून.

हे उद्योग गजेंद्र भुयारचे. पन्नाशीला आलेला इंजिनिअर माणूस, पोट शर्टाच्या जरा पुढं चालणारं. एखाद्याची खोडी काढली नाही तर याला जेवण पचत नाही. राजापेठेत मिठाईच्या दुकानावर त्याचं ऑफिस. कंपनीचं नाव ‘दुवा’. भागीदार दोन. अमरावतीत हा, अकोल्यात चिंतामणराव. चिंतामणराव याच्या अगदी उलटे. बापलेक मास्तर असलेल्या घरातले, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. कॉलेजात एका बाकावर बसत होते म्हणून भागीदारी टिकली, नाहीतर पहिल्याच वर्षी कोर्टात गेले असते.

दोघांनी टॅक्सी संघटनेला फोनची नवी व्यवस्था करून दिली होती. लग्नाला, दवाखान्याला, रेल्वेला गाडी पाहिजे असली की लोक संघटनेच्या एका नंबरवर फोन करणार. तो फोन अकोल्यातल्या यंत्रात जाणार आणि यंत्र तो ज्याचा नंबर असेल त्या ड्रायव्हरकडं सोडणार. बोलणं सुरू व्हायच्या आधी यंत्रं आपसात निरोप पाठवतात. कोणाला बोलवायचं, तो कोणत्या स्टँडवर आहे, कोण बोलावतंय. सगळी गंमत त्या निरोपात. निरोप चुकला की बोलणंच नाही.

आणि निरोप कसा लिहायचा याचे नियम जुईलीनं ठरवले होते. जुईली म्हणजे चिंतामणरावांची पोरगी. पुण्यात फोनच्या कंपनीत दोन वर्षं काढून परत आलेली. वाघ पाहिला आणि तिनं अकोल्याहून फोन लावला.

“काका, वाघ कोणी घातला?”

“मेळघाटातून आला असन बाप्पा. उन्हाळा आहे, पानी शोधत येतात.”

“काका!”

“अवं, एक वाघ तं आहे. चावते का तुह्या यंत्राले?”

“अजून नाही चावला. तुम्ही अकोल्याला या, बोलायचंय.”

गजेंद्र गेला. जठारपेठेतल्या ऑफिसात चिंतामणराव फळ्यापाशी उभे होते आणि फळ्यावर जुईलीनं निरोप लिहून ठेवला होता: चालक, मग बरोबरचं चिन्ह, मग विपुल, मग ते ॲटचं वेटोळं, मग अमरावती, मग अर्धविराम.

“हे बघा,” जुईली म्हणाली, “बरोबरच्या चिन्हापुढं येते ती व्हॅल्यू, म्हणजे आपण भरलेली माहिती. वेटोळं दिसलं की यंत्र समजतं, नाव संपलं, आता पुढं स्टँडचं नाव. अर्धविराम दिसला की समजतं, ही गोष्ट संपली, आता दुसरी. म्हणून व्हॅल्यूच्या आत काय काय चालेल ते आधीच ठरवायचं असतं. मी ठरवलं होतं. मराठी अक्षरं, इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंब, छोटी आडवी रेघ आणि मधे मोकळी जागा. बस. मी पुण्याला गेले आणि तुम्ही दार सताड उघडं केलंत.”

“चार दिवस लग्नाले गेलती थे, अन् मी उलूसं उघडलं,” गजेंद्र चिंतामणरावांना म्हणाला. “अन् का नाई उघडायचं? मानसाच्या नावात काय पायजे अन् काय नाई, हे ठरवनारे आपन कोन? बापूले कंस पायजे, विपुलले वाघ पायजे. देऊन टाक. यंत्र तुहं शिकलेलं आहे, समजून घेईन.”

“यंत्र समजून घेत नाही काका, नुसतं वाचतं.”

बापू म्हणजे खुशालराव गावंडे, संघटनेचे अध्यक्ष. पडद्यावर त्यांना आपलं नाव ‘मा. खुशालराव (बापू) गावंडे’ असंच पाहिजे होतं आणि कंसाशिवाय ते चहासुद्धा पाजायला तयार नव्हते. चिंतामणरावांनी कपाळ चोळलं. गिऱ्हाईक म्हणेल तसं करणं भाग होतं.

“कंस राहू दे जुई. वाघही राहू दे,” ते म्हणाले.

“बाबा, कंस ठीक आहे. वाघानंही फार बिघडणार नाही. पण अर्धविराम आणि वेटोळं तरी अडवू द्या.”

“नावात वेटोळं कोन टाकते वं?” गजेंद्र हसला. “ई-मेल आहे का थो ड्रायव्हर? अडवत बसलं तं पुन्हा सगळं तपासा लागन. लग्नसराई तोंडावर आहे, राहू दे तसंच.”

राहिलं तसंच. आणि गजेंद्रनं पुढच्याच आठवड्यात सगळ्या ड्रायव्हरांची लायसन्स गोळा करून त्यावर जसं नाव तसं यंत्रात चढवलं. आधी नुसतं विपुल, सिंधू, असं होतं. आता कसं पूर्ण, सरकारी, रुबाबात.

या स्टँडची एक जुनी रीत आहे. यंत्र नव्हतं तेव्हा मुकादम खुर्चीवर चढून ज्याचा नंबर लागला त्याचं नाव पुकारायचा. तीन हाका. तीन हाकांत ‘आलो’ म्हटलं तर गाडी तुझी, नाहीतर पुढच्याची. आणि एका महिन्यात तीनदा कोणी हाकेला आला नाही, तर तो अख्खा हंगाम रांगेबाहेर. मग त्यानं दुसरा स्टँड पाहावा. रीत कडक होती, पण सगळ्यांना सारखी होती, म्हणून कोणी कुरकुरत नव्हतं. यंत्रात हीच रीत घातली होती. यंत्र तीनदा फोन वाजवतं आणि नाही उचलला तर पडद्यावर येतं, ‘उचलला नाही’. निरोप का पोचला नाही याची कारणं खरं तर पाच-सात असतात. पण ड्रायव्हर लोकांना एवढं काय करायचंय, म्हणून गजेंद्रनं सगळ्या कारणांना मिळून हे एकच वाक्य ठेवलं होतं.

वैशाखातल्या एका दुपारी गजेंद्र स्टँडवर गिला वडा खात उभा होता. सिंधू त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. या स्टँडवर गाडी चालवणारी ही एकटीच बाई. मूर्तिजापूरजवळचं माहेर, बडनेऱ्याचं सासर, म्हणजे रोजची फेरीच माहेरहून सासरी आणि सासरहून माहेरी. तोंडाची तिखट. पण त्या दिवशी तिचा चेहरा उतरलेला होता.

“गज्जूभाऊ, तुमची मशीन माह्यावर कावून रागावून राहिली?”

“काय झालं वं?”

“मी फोन उचलत नाई म्हनते. तीन खेपा झाल्या. सोमवारी समिती बसून राहिली. बापू म्हनते, रीत म्हंजे रीत, बाई असो का बुवा, रांगेबाहेर.”

“मंग उचलत कावून नाईस?”

“वाजला तं उचलीन ना!” सिंधूचा आवाज चढला. “फोन वाजतच नाई. हे मानसं म्हनतात, सयपाकात असन, झोपली असन, बायाइचं असंच असते. दहा वर्सं झाले मले या रांगेत. कोनाची हाक चुकवली नाई मी. तापात गाडी मारली. आता लग्नाच्या टायमाले बाहेर काढलं तं जाऊ कुठी? दुसऱ्या स्टँडवाले म्हनतीन, तिकडून हाकलली म्हनून इकडं आली.”

गजेंद्रला आतून वाटलं, रेंज नसेल, नाहीतर फोन मुका करून ठेवला असेल. सगळेच यंत्रावर ढकलतात. पण गंमत म्हणून त्यानं खिशातून आपला फोन काढला.

“नंबर कोनाचा आहे आत्ता?”

“माहाच. म्हनून तं फोन हातात धरून उभी आहो.”

त्यानं संघटनेचा नंबर लावला. तिकडं घंटी वाजायला लागली. याच्या कानात ट्रिंग ट्रिंग चालू आणि सिंधूच्या हातातला फोन थंडगार. त्यानं तो तिच्या हातातून घेतला. आवाज चालू, रेंज भरपूर. दारावरच्या पडद्यावर ठसठशीत दिसत होतं, ‘रूपाली @ सिंधू, हाक पहिली’. मग दुसरी. मग तिसरी. मग ‘उचलला नाही’. आणि त्याच वेळी स्टँडच्या दुसऱ्या टोकाला विपुलचा फोन खणाणला.

“हॅलो, टॅक्सी संघटना, विपुल बोलून राहिलो!”

“उपाशी आहे का जेवला बे?” एवढंच म्हणून गजेंद्रनं फोन ठेवला. पण तोंडातला वडा तसाच राहिला होता. नाव पुन्हा वाचलं. रूपाली, वेटोळं, सिंधू.

“रूपाली कोन?”

“मीच. लग्नात सासूनं तांदळात बोट फिरवून नाव ठेवलं. एका दिवसासाठी ठेवलं का कायमचं, हे कोनाले कयलंच नाई. शाळेचा दाखला सिंधू, रेशन कार्ड रूपाली. लायसन काढाले गेली तं बाबू म्हने, कोनतं टाकू? मी म्हनलं, दोनी मीच आहो. तं त्यानं मधात हे वेटोळं टाकलं.”

कोर्टात, पोलीस ठाण्यात, तहसिलीत ऊर्फ लिहायचा कंटाळा आला की बाबू लोक हे चिन्ह टाकतात. आपल्याकडं निम्म्या गावाची दोन दोन नावं, कागदोपत्री सगळीकडं वेटोळी. गजेंद्रच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर आहे, ‘गजेंद्र @ गजानन’. रोज पाहतो. आणि त्यानंच विचारलं होतं, नावात वेटोळं कोन टाकते वं.

त्यानं जुईलीला फोन लावला आणि सांगितलं. तिनं तिकडं निरोप उघडून पाहिला.

“काका, यंत्र वेटोळ्यापर्यंत नाव वाचतंय. रूपाली. त्याच्या पुढचं सगळं त्याच्या दृष्टीनं स्टँडचं नाव. ते सिंधू नावाचा स्टँड शोधतंय.”

“सिंधू नावाचा स्टँड वऱ्हाडात कोठी आहे?”

“नाहीये. म्हणून तर निरोप कुठंच जात नाही. आणि कुठंच गेला नाही तरी तुमच्या पडद्यावर येतं, उचलला नाही.”

मागून चिंतामणरावांचा आवाज आला. ते ऐकत होते. “गजेंद्र, तिचं नाव आत्ता बदलून टाक. नुसतं सिंधू कर, पाच मिनिटांचं काम आहे. आणि समितीत बोलू नकोस. अकोला स्टँडचं पुढच्या वर्षाचं काम अजून सहीला आहे. खुशालरावांना कळलं की यंत्र चुकतं, तर यंत्राचा डबा उचलून रस्त्यावर टाकतील.”

फोनचा आवाज मोठा होता. सिंधूनं सगळं ऐकलं.

“नाव बदलू नका,” ती म्हणाली.

“अवं, लगेच वाजन फोन.”

“वाजन ना. उद्यापासून मी उचलीन. मंग हे काय म्हनतीन? पाह्य, समिती बसवली तं कशी सुतासारखी सरळ झाली. त्या तीन खेपा माह्या नावावर तशाच राहतीन. तुमची मशीन चुकली हे त्याइच्या समोर होऊ द्या, मंग काय करायचं थे करा.”

गजेंद्रनं वड्याचा कागद चुरगळला. चिंतामणराव बोलत होते ते खोटं नव्हतं, काम जाऊ शकत होतं. पण या बाईचा नंबर आपल्या हातानं घालवलाय हेही खोटं नव्हतं. त्यानं पडद्याकडं पाहिलं. मग त्याच्या डोळ्यांत ते आलं, जे आलं की कॉलेजात मास्तर खुर्ची तपासून बसायचे.

“चिंतामण,” तो फोनमध्ये म्हणाला, “सोमवारी पोरीले पाठव. तिच्या लॅपटॉपसगट. सिंधूच्याच गाडीत.”

सोमवारी पत्र्याच्या खोलीत समिती बसली. टेबलामागं खुशालराव, पांढरेशुभ्र कपडे, खिशाला दोन पेनं, मोबाइल समोर टेबलावर उताणा. आजूबाजूला समितीचे चार जण, दारात विपुल आणि बाकीची ड्रायव्हर मंडळी. सिंधू भिंतीला टेकून उभी. जुईली कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसली होती आणि गजेंद्रच्या कानात तिसऱ्यांदा सांगत होती, “काका, सरळ सांगून टाकू या ना.”

“सरळ सांगतलं तं बापू म्हनन, बाईची बाजू घेऊन राहिले. त्याच्या सोताच्या अंगावर आल्याबिगर त्याले काई पटत नाई. तू फक्त मी म्हनलं थे टाइप कर.”

मग गजेंद्र टेबलापाशी गेला. “बापू, समिती सुरू कराच्या आधी एक. तुमचं नाव मले बरोबर वाटत नाई.”

“काय वाईट आहे माह्या नावात?”

“नाव चांगलं आहे, कंस वाईट आहे. कंसात बापू! सातबाऱ्यावर कंसात कोन असते? मयत असते.”

दारात खसखस पिकली. खुशालरावांनी पडद्याकडं पाहिलं आणि त्यांनाही ते एकदम तसंच दिसायला लागलं.

“मंग?”

“मोठ्या मानसाचं दुसरं नाव कोर्टात कसं लिहितात? वेटोळं टाकतात मधात. खुशालराव, वेटोळं, बापूसाहेब. पाह्य कसं वजनदार वाटते.”

“साहेबसगट?”

“साहेबसगट.”

“टाक,” खुशालराव म्हणाले.

जुईलीनं एकदा गजेंद्रकडं पाहिलं, मान हलवली आणि टाइप केलं. पडद्यावर झळकलं, ‘खुशालराव @ बापूसाहेब’. खुशालरावांनी चष्मा चढवून ते दोनदा वाचलं.

“आता नव्या नावाचा पहिला फोन लागला पायजे,” गजेंद्र म्हणाला. “जुईली, बापूले रांगेत सगळ्यात वर घे. अन् विपुल, तू गिऱ्हाईक हो. लाव संघटनेले.”

विपुलनं फोन लावला आणि लाउडस्पीकर चालू केला. खोलीभर घंटी वाजायला लागली. खुशालराव ऐटीत टेबलावरच्या मोबाइलकडं बघत बसले, पहिल्या टोल्याला उचलायचा म्हणून हात पुढं करून. मोबाइल काही बोलेना. पडद्यावर आलं, ‘हाक पहिली’.

खुशालरावांनी मोबाइल उचलून हलवला.

‘हाक दुसरी.’

“रेंज नसन,” ते म्हणाले.

“मीबी हेच म्हनलं होतं बापू,” भिंतीजवळून सिंधू बोलली. “तुमी म्हनले, रेंजचं कारन सगळेच सांगतात.”

‘हाक तिसरी.’ आणि मग ठसठशीत, ‘खुशालराव @ बापूसाहेब, उचलला नाही’.

“पुन्हा लाव,” गजेंद्र म्हणाला. विपुलनं पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावला तेव्हा समितीतले एक म्हातारे गृहस्थ उठून खुशालरावांच्या फोनला कान लावून उभे राहिले, जणू आत कोणी कुजबुजतंय. काही नाही. पडद्यावर तिसऱ्यांदा ‘उचलला नाही’ आलं आणि दारातून विपुल ओरडला, “बापू रांगेबाहेर! हंगामभर!”

सगळा स्टँड फुटला. एक जण तर हसता हसता उंबऱ्यावरच बसला. हसले नाहीत दोनच जण, खुशालराव आणि सिंधू.

“भुयार,” खुशालराव हळू आवाजात म्हणाले, आणि ते आडनावानं बोलले की मामला गंभीर असतो, “मले उल्लू बनवाले आनलं होतं का ह्या पोरीले अकोल्याहून?”

“नाई बापू. तुमचा फोन जसा वाजला नाई, तसाच हिचा वाजला नाई. तीनी खेपा.” आणि त्यानं सांगितलं. वेटोळं म्हणजे यंत्राला काय वाटतं, त्याच्यापुढं ते स्टँड कसा शोधतं, आणि न सापडलेल्या स्टँडचा दोष माणसाच्या नावावर कसा पडतो. जुईलीनं पडद्यावर दाखवलं, यंत्र आत्ता बापूसाहेब नावाचा स्टँड शोधत होतं.

“बापूसाहेब स्टँड!” विपुल म्हणाला. “पुतळा बसवा मधात.”

“गप बे,” खुशालराव म्हणाले. मग गजेंद्रकडं वळले. “हिच्या नावात हे चिन्ह घातलं कोनं?”

“लायसनवर होतं.”

“लायसनवर असन. यंत्रात कोनं घातलं? अन् असं चिन्ह घालू देलं कोनं?”

जुईली काही बोलायच्या आत गजेंद्रनं शाळेत करतात तसा हात वर केला. “मी. पोरगी नको म्हने. मीच म्हनलं, राहू दे.”

“बम हुशार,” खुशालराव म्हणाले. आपला फोन उलटा करून टेबलावर ठेवला, सरळ केला, पुन्हा उलटा केला. शेवटी सिंधूकडं पाहिलं.

“तुले म्हनलं होतं मी, बायाइचं असंच असते.”

“म्हनलं होतं.”

“थे मी वापस घेतो. तीनी खेपा खोडा तिच्या. समितीचं म्हननं?”

समितीचं काही म्हणणं नव्हतं. समिती अजून डोळे पुसत होती.

“अन् भुयार, डबा बंद कर. जवरोक ही पोरगी हे सगळं धडाचं करून देत नाई, तवरोक डबा बंद. रांग तं थांबत नाई. म्हनून थे खुर्ची घे, तिच्यावर चढ अन् तू पुकार नावं. तीन हाका. जशी रीत आहे तशी. फोन आला का हिकडून आयकायचं अन् तिकडं ओरडायचं.”

“मी?”

“चिन्ह मी घातलं होतं का?”

झालं. त्या दिवशी राजापेठेतल्या ‘दुवा’ कंपनीचा मालक भर उन्हात खुर्चीवर उभा राहून नावं पुकारत होता. पहिला तास त्याला लाज वाटली. दुसऱ्या तासाला रंग चढला. चहापर्यंत तो प्रत्येकाच्या नावाला शेपूट लावायला लागला होता, “विपुल, उपाशी, पोटात कावळे, हाक दुसरी!” आणि रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती. आवाज बसला तेव्हा कोणीतरी त्याला खडीसाखर दिली. चिंतामणरावांना कोणीतरी याचा व्हिडिओ पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ‘सही झाली का?’

आत खोलीत जुईली एकेक चिन्ह घेऊन बसली होती. सगळी ड्रायव्हर मंडळी भोवती, कारण आता प्रत्येकाला आपल्या नावाची काळजी. तिनं नावाचे दोन रकाने केले. एक, पडद्यावर दिसायचं नाव. तिथं कंस, वाघ, मा., साहेब, काय वाटेल ते. दुसरा, निरोपात जायचं नाव. तिथं अक्षरं, आकडे, टिंब, आडवी रेघ, मोकळी जागा. वेटोळं, अर्धविराम, बरोबरचं चिन्ह कोणी टाकलं तर यंत्र तिथंच अडवणार आणि सांगणार, हे चालणार नाही. गुपचूप पुढं जाणार नाही.

“अन् हे ‘उचलला नाही’?” सिंधूनं विचारलं.

“ते आता खरंच फोन वाजला आणि उचलला नाही तरच येईल. पत्ता सापडला नाही तर पत्ता सापडला नाही असं येईल. रेंज नसेल तर रेंज नाही.”

“हे आधीच कावून नव्हतं?”

जुईलीनं दाराबाहेर खुर्चीकडं बोट दाखवलं. बाहेरून तिसरी हाक ऐकू आली.

“ताई, तुमचं नाव काय घालू निरोपात?” जुईली म्हणाली. “रूपाली ऊर्फ सिंधू असं अक्षरांत लिहिता येईल. चालेल यंत्राला.”

सिंधूनं जरा विचार केला. “यंत्राले चालन. मले नाई चालत. इथं दहा वर्सांत कोनी मले रूपाली म्हनून हाक मारली नाई. सासूबी आता सिंधूच म्हनते, रूपाली म्हनलं का तिलेच आठवत नाई कोन. सिंधू लेहा. नुसतं सिंधू. रूपाली लायसनवर राहू द्या, आर.टी.ओ.वाल्याइले पाहू द्या तिच्याकडं.”

जुईलीनं लिहिलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा तिनं बाहेर येऊन सांगितलं, झालं. गजेंद्र खुर्चीवरून उतरला. आवाज घोगरा झाला होता, पण तोंडावरचं हसू काही मावळलं नव्हतं.

डबा सुरू झाला. रांगेत पहिलं नाव सिंधू. कोणी पाहायचं नाही असं म्हणत सगळेच तिच्या गाडीभोवती येऊन उभे राहिले. खुशालरावसुद्धा खोलीतून खुर्ची ओढत बाहेर आले. सिंधू बॉनेटला टेकून उभी, फोन हातात. वाट बघणं चालू झालं की वेळ कसा ताणतो, तसा ताणला.

आणि फोन वाजला. मोठ्यानं, कर्कश, जुन्या लग्नातल्या सनईचा सूर लावला होता तिनं. पडद्यावर आलं, ‘सिंधू, हाक पहिली’. सिंधू फोनकडं पाहत उभी राहिली.

“उचल ना!” खुशालराव म्हणाले.

ती उचलेना. सनई वाजत होती. समोरच्या टपरीतला चहावाला हातातली गाळणी तशीच धरून बघत होता.

“अवं उचल, दुसरी हाक लागन!” गजेंद्र घोगऱ्या आवाजात ओरडला.

“वाजू द्या उलूसा,” सिंधू म्हणाली. “सगळ्याइले आयकू जाऊ द्या.”

तिनं फोन वर धरला, खोलीकडं, टपरीकडं, खुशालरावांकडं. मग पहिली हाक संपायच्या आत कानाला लावला.

“हॅलो. सिंधू बोलून राहिली. कुठी याचं?”